ब्रेक : मालकास सांगितले

गेल्या रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. नोकरी कॉम्प्युटरची, पण जीव सगळा एका जुन्या जीपमध्ये. सुट्टी मिळाली की हा आणि याचे मित्र आपापल्या जीपा घेऊन डोंगरात, ओढ्यात, चिखलात जातात, मुद्दाम रुततात, एकमेकांना दोर लावून बाहेर काढतात आणि संध्याकाळी नखशिखांत माखून आनंदाने घरी येतात. (आमच्या लहानपणी हेच काम माणसं पोटासाठी करत आणि घरी येताना मुळीच आनंदी नसत. असो.)

"मावशी, एक विचारायचंय. थोडे पैसे साठलेत, पण यंदा जीपचं एकच मोठं काम होईल. मागचा एक्सेल बदलू की ब्रेक? मित्र म्हणतात एक्सेल, मिस्त्री म्हणतो ब्रेक."

"अरे, मी जन्मभर इतिहास शिकवला. मला काय विचारतोस?"

"तुझ्याकडे आजोबांची वही आहे ना? आजोबा काय म्हणाले असते ते सांग."

आजोबा म्हणजे माझे वडील, अण्णा. ते ट्रक चालवायचे. त्यांची वही माझ्या कपाटात आहे हे खरं, पण ती उघडून बरीच वर्षं झाली होती. मी त्याच्याकडून आठवडाभराची मुदत घेतली. उत्तर लिहिण्याआधी साधनं तपासा, असं मुलांना सांगत आले. तेव्हा स्वतःलाही सूट नको. आठवडाभर वाचलं, एका ओळखीच्या मिस्त्रींकडे जाऊन बसले आणि शेवटी वही उघडली. त्यातून जे हाती लागलं ते त्याला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. कारण यातला शेवटचा भाग त्याच्या एकट्यासाठी नाही. आमच्या सगळ्या घरासाठी आहे.

आधी एक्सेल म्हणजे काय ते सांगते. बैलगाडीचा आख आठवा. तो जागचा फिरत नाही. भार सोसतो, आणि चाकं त्याच्याभोवती फिरतात. मोटारीच्या मागच्या आखाला दोन कामं असतात. भार सोसायचा आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवायची. इंजिनाकडून येणारा दांडा मागे मधोमध असलेल्या दातेरी चाकांच्या पेटीत शिरतो आणि तिथून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट चाकाकडे जातो. या पेटीत डिफरन्शियल असतं (अण्णांच्या वहीत ‘डिफ्रंसल’). वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही युक्ती. पेक्वर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२८ मध्ये वाफेवरच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. युक्ती झकास, पण तिच्यात एक खोड आहे. एक चाक चिखलात गेलं की ते नुसतं गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं दुसरं ढिम्म राहतं. म्हणून चिखलात जाणारे लोक दोन्ही चाकांना एकत्र बांधणारा लॉकर बसवतात आणि जाड शाफ्ट घालतात. भाच्याच्या मित्रांचं म्हणणं ते हेच.

ब्रेकचं काम सांगायला सोपं आहे. चालत्या गाडीत जी ऊर्जा असते तिची उष्णता करायची आणि हवेत सोडून द्यायची. किती उष्णता? मी कागदावर गणित मांडलं. सहा टन वजनाचा ट्रक घाटात ५०० मीटर खाली उतरला, तर त्यातून साधारण १०० लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता तयार होते. दोन मोठे बंब! ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये गेली तर ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, आणि पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तेव्हा बरंच ओझं इंजिन स्वतःवर घेतं.

आता इतिहासाकडे वळते. हा पेच भाच्यालाच पडलाय असं नाही, मोटारीइतकाच तो जुना आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. मोटारीने एवढा लांबचा प्रवास त्याआधी कोणीच केला नव्हता. वाटेत दोन गोष्टी लक्षात आल्या. चढावर गाडी चढेना, मुलांना उतरून ढकलावं लागलं. आणि उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात ती हीच. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा. बघा, चढण्याची उणीव तिने घरी येऊन सांगितली. थांबण्याची उणीव मात्र वाटेतच भागवली. का? कारण गाडी चढली नाही तर ढकलता येते. थांबली नाही तर ढकलायला कोणी उरत नाही.

पुढची गोष्ट अमेरिकेची, आणि ती वाचताना मी चाटच पडले. कारण तिथे भाच्याचा प्रश्न जसाच्या तसा, शंभर वर्षांपूर्वी लोकांपुढे होता. फोर्डची मॉडेल टी १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींहून जास्त बनल्या. १९१७ मध्ये त्याच जातीचा एक टन मालाचा टीटी ट्रक आला. (१९२६ मध्ये फोर्डने मुंबईतही आपली कंपनी काढली.) त्या काळी अमेरिकेतल्या खेड्यांत धड रस्ते नव्हते. शेतकरी या गाड्या चिखलातून, चाकोऱ्यांतून, डोंगरातून चालवत. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळंच ऑफ-रोड.

या गाडीला पायाशी तीन पेडलं. उजवीकडचं ब्रेकचं. पण तो ब्रेक चाकांवर लागत नसे. गिअरच्या पेटीतल्या ड्रमभोवती एक पट्टा आवळला जाई. म्हणजे ताकद ज्या वाटेने मागच्या चाकांकडे जायची त्याच वाटेने ब्रेकही जायचा! पुढच्या चाकांना ब्रेक नव्हतेच. मागच्या चाकांत हाताच्या दांड्याने लागणारे लहानसे ब्रेक होते, ते मुख्यतः उभी गाडी उभी राहावी म्हणून. आता गंमत ऐका. मागच्या एक्सेलच्या पेटीत पांढऱ्या मऊ धातूच्या चकत्या असत. त्या झिजून फुटल्या की दातेरी चाकं एकमेकांपासून दूर सरकत. मग ताकद तर जाईच, पण त्याबरोबर पायाचा ब्रेकही जाई. ब्रेक आणि चाक यांच्यामधला दुवाच तुटलेला!

साहजिकच बाजारात दोन प्रकारचा माल आला. एक रकस्टेलचा दोन गतींचा मागचा एक्सेल. तो बसवला की चढाला कमी गती आणि जास्त जोर मिळे. दुसरे रॉकी माउंटन नावाचे ब्रेक. ते थेट मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून पट्टा आवळत. मग कोणता घ्यावा? रकस्टेलमध्ये एक मेख होती. दोन गतींच्या मधे एक रिकामी जागा होती. बदलताना दांडा तिथेच राहिला तर एक्सेल इंजिनापासून सुटा, आणि त्याबरोबर पायाचा ब्रेकही निकामी. म्हणजे चढण्यासाठी आणलेल्या वस्तूनेच थांबणं धोक्यात आणलं. म्हणून आजही त्या जुन्या गाड्या हौसेने चालवणारे जाणकार सांगतात की रकस्टेल बसवायचा असेल तर आधी चाकांवरचे ब्रेक बसवा.

इथे माझ्या लक्षात आलं की एक्सेल की ब्रेक हा प्रश्न विचारताना आपण दोघांना दोन वेगळ्या फडताळांत ठेवतो, पण गाडीत ते एकाच दांडीवर बसलेले असतात.

रेल्वेचंही तसंच. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माहून सहलीची एक गाडी निघाली. रविवारच्या शाळेची मुलं आणि त्यांचे आईवडील. गाडी गच्च भरलेली. चढावर इंजिनाचा जोर पुरेना. तेव्हा मागचे डबे तोडून तिथेच ठेवायचे आणि पुढचे आधी वर न्यायचे असं ठरलं. पण त्या गाडीचे ब्रेक इंजिनाशी जोडलेले असेपर्यंतच चालणारे होते. डबे तोडल्याबरोबर ब्रेकही गेले. चाकांखाली दगड लावले, शेवटच्या डब्यातला हातब्रेक लावला, पण तेवढं पुरलं नाही. डबे उलटे घरंगळत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे सलग ब्रेक सक्तीचे केले. आणि असे ब्रेक अस्तित्वात नव्हते का? होते की! वेस्टिंगहाउसने हवेच्या ब्रेकचं पहिलं पेटंट १८६९ मध्ये घेतलं होतं आणि आपोआप लागणारा ब्रेक त्यानंतर थोड्याच वर्षांत तयार केला होता. रेल्वे कंपन्यांना तो महाग वाटत होता.

आपल्याकडच्या बोरघाटाचं मात्र मला कौतुक वाटतं. १८६३ मध्ये हा लोहमार्ग सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे रेल्वेच्या मानाने भयंकर. चढताना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. (आपल्याला त्या वेळात वडा खायला मिळतो, म्हणून जास्तच माहीत!) पण उतरताना काय करतात ते किती जणांनी पाहिलंय? उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबते. तिथे ना गाव ना बाजार. फक्त आपल्याला थांबता येतं हे सिद्ध करायला थांबायचं. नाही थांबली तर तिच्यासाठी बाजूला चढावर नेऊन संपणारा रूळ ठेवलेला असतो, कॅच सायडिंग. चढायची सोय आणि थांबायची सोय दोन्ही एकाच घाटात आखलेल्या. असं फार कमी ठिकाणी दिसतं.

आता जीप. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांवर चालणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना सैन्याच्या हवाली केला. पुढे मोठं काम विलीज आणि फोर्ड यांना मिळालं आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या बनवल्या. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. भाच्याची जीप त्याच वंशातली.

युद्धातल्या जीपचा मागचा एक्सेल ‘फुल फ्लोटिंग’ जातीचा होता. नाव इंग्रजी, पण कल्पना आपल्या बैलगाडीची. बाहेरची नळी, म्हणजे हौसिंग, बैलगाडीच्या आखासारखी भार सोसते आणि चाक तिच्या टोकावर फिरतं. आतला शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं आणि त्या चाकाचा ब्रेकही चालतो. युद्धानंतर १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी नागरी जीप आली. सुरुवातीच्या काही गाड्यांना तोच एक्सेल होता, पुढे ‘सेमी फ्लोटिंग’ आला. यात भारही शाफ्टवर आणि फिरवणंही शाफ्टवर. चाक शाफ्टच्या टोकालाच बसवलेलं. तो टोकाशी तुटला तर चाक निखळून जातं, आणि जाताना ब्रेकचा ड्रम बरोबर घेऊन जातं.

ब्रेक होते तेलाच्या दाबावर चालणारे. चाकांत ९ इंची ड्रम. हातब्रेक मात्र चाकांवर नव्हता. तो मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर बसवलेला होता, थेट मॉडेल टीच्या परंपरेतला! मागच्या दोनच चाकांना ताकद देऊन चालत असताना एक शाफ्ट तुटला तर डिफरन्शियलमुळे हातब्रेकही गेलाच. शिवाय तेलाची वाट चारही चाकांना एकच. कुठेही एक नळी फुटली की पेडल तळाला. दोन स्वतंत्र वाटांचे ब्रेक अमेरिकेत सक्तीचे व्हायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली.

नव्या जमान्यातले डिस्क ब्रेकसुद्धा नवे नाहीत हे वाचून मला मौज वाटली. इंग्लंडच्या लँचेस्टरने त्यांचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं. पण १९५३ मध्ये फ्रान्समधली ल माँची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने जिंकली, तेव्हा कुठे जगाला त्यांची महती पटली. ओढ्यातून जाणाऱ्याला त्यांचा विशेष फायदा, कारण ड्रममध्ये पाणी आणि चिखल साठून राहतो, उघडी तबकडी मात्र दोन फेऱ्यांत कोरडी होते.

एवढं सगळं वाचून झालं, आणि मग मी अण्णांची वही उघडली.

अण्णा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झाले आणि तिथेच ट्रक शिकले. सुटून आल्यावर एका लाकडाच्या ठेकेदाराकडे लागले. मालकाकडे लष्कराच्या डिस्पोजलमधला एकच ट्रक. फोंडा घाटाच्या आजूबाजूच्या रानातून चाकोरीने ओंडके काढायचे, घाट चढून कोल्हापूरला न्यायचे आणि उतरताना कोल्हापूरचा गूळ-कांदा खाली कणकवलीकडे आणायचा. वही १९५८ ते १९६२ या काळातली. तारीख, खेप, पेट्रोल, दुरुस्ती, एवढंच. एका शब्दाने मन मोकळं केलेलं नाही. पण इतिहासाच्या बाईला अशाच वह्या आवडतात!

१९६१ च्या नोव्हेंबरात नोंद आहे : ‘मागील शाफ्ट तुटला. रानात सहा दिवस.’ मग : ‘शाफ्ट नवीन.’ १९६२ च्या फेब्रुवारीत पुन्हा : ‘शाफ्ट तुटला. चार दिवस.’ मग मालक स्वतः मुंबईला गेले आणि भंगार बाजारातून अख्खा मजबूत एक्सेल घेऊन आले. ‘एक्सेल बदलला. काम चांगले.’ आणि याच पानांत अधूनमधून एक ओळ येते : ‘ब्रेक – मालकास सांगितले.’ मी मोजली. नऊ वेळा आहे. एका ठिकाणी थोडं जास्त : ‘मागील डावे सिलिंडर गळते. नळी चेपून बंद.’ मिस्त्रींना विचारलं तेव्हा त्यांनी उलगडा केला. एका चाकाचं तेल गळायला लागलं की त्या चाकाची नळी चेपून बंद करायची, म्हणजे उरलेल्यांवर गाडी चालते. नवं सिलिंडर मिळेपर्यंतची तात्पुरती सोय. इथे ती सोय तीन महिने चालली होती.

मालक काही राक्षस नव्हते. कर्ज काढून ट्रक घेतलेला. एक्सेल तुटला की ट्रक रानात उभा, मजूर बसून, सावकार दारात. ते नुकसान डोळ्यांना दिसत होतं. ब्रेकचं नुकसान कुठेच दिसत नव्हतं. पण नव्या एक्सेलनंतरची पानं मी परत परत वाचली. आधी खेपेला दहा ओंडके असत, नंतर बारा, मग तेरा. गुळाच्या ढेपाही वाढल्या. एक्सेल मजबूत झाला म्हणून माल वाढला, आणि वाढलेला माल उतरवायचा होता त्याच जुन्या, तीन चाकांवरच्या ब्रेकने. ज्या दिवशी एक्सेल सुधारला त्या दिवशी ब्रेक आपोआप बिघडला, कोणी हात न लावता!

मे महिन्यात व्हायचं ते झालं. गूळ भरून घाट उतरताना पेडल तळाला गेलं. अण्णा खालच्या गिअरमध्येच होते म्हणून बरं. दरीची बाजू सोडून ट्रक डोंगराच्या अंगाला घासत घासत नेला आणि वेग मोडल्यावर क्लीनरने उडी टाकून चाकाखाली दगड लावले. कोणाला खरचटलंही नाही. ढेपा फुटल्या तेवढ्याच. मालक म्हणाले, आता पावसाळा तोंडावर आहे, दोन खेपा करू, मग ट्रक उभाच राहणार आहे, तेव्हा ब्रेक करून घेऊ. वहीतली शेवटची नोंद : ‘ब्रेक – मालकास सांगितले. चावी दिली.’

पुढचे चौदा महिने घरात पगार आला नाही. आईच्या पाटल्या गेल्या. मी सहावीत होते, मला वह्या मिळाल्या त्या मामाकडून. आणि आमच्या घरात पुढे कायम एकच गोष्ट सांगितली गेली : अण्णा तापट, रागाच्या भरात चालती नोकरी सोडली आणि बायकापोरांना उपाशी ठेवलं. लग्नकार्यात, पंगतीत, मोठमोठ्याने हसत सांगितली गेली. कारण त्या गोष्टीला भक्कम पुरावा होता. दुसऱ्या ड्रायव्हरने तोच ट्रक पुढे दोन वर्षं चालवला, आणि काहीही झालं नाही! ब्रेक मालकांनी कधीतरी केले असतील, नसतील. अपघात झाला नाही. त्यामुळे अण्णा खोटे ठरले. पुढे त्यांना एका साखर कारखान्यात ड्रायव्हरची नोकरी लागली, तिथून ते निवृत्त झाले. या विषयावर मी त्यांना एकदाही वाद घालताना पाहिलं नाही. मीसुद्धा, सांगायला लाज वाटते, कॉलेजात असताना एकदा त्यांना ‘तुमचा स्वभाव’ असं म्हटलं होतं. ते काही बोलले नाहीत, चहा पीत बसले.

ब्रेकचं दुर्दैव हेच आहे. तो चांगला असला की काहीच घडत नाही. आणि वाईट असला तरी बरेच दिवस काहीच घडत नाही. दोन्ही बाजूंनी काहीच घडलेलं नसताना कोण बरोबर होतं हे सांगणार कसं? एक्सेलचा हिशोब त्याच दिवशी मिळतो. ब्रेकचा हिशोब मिळतो तो आर्मासारखा. आणि जिथे तसा मिळत नाही तिथे सावध माणूस जन्मभर भित्रा नाहीतर तापट म्हणून ओळखला जातो. इतिहासाच्या पुस्तकात झालेल्या अपघातांना पान मिळतं. न झालेल्या अपघातांचा इतिहास कोण लिहिणार? तो असलाच तर अशा वह्यांत असतो.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

आधी ब्रेक. तू मोठे टायर घातलेस असं मागे म्हणाला होतास. २८ इंचाच्या जागी ३३ इंचाचा टायर घातला की तोच ब्रेक जमिनीपाशी साधारण १५ टक्के कमी पडतो, हे साधं त्रैराशिक आहे, माझ्यासारखीलाही आलं. म्हणजे तुझी एक्सेलची हौस पूर्ण होण्याआधीच तू ब्रेकचं नुकसान करून बसला आहेस. दोन स्वतंत्र वाटांचा मास्टर सिलिंडर, सगळ्या नळ्या नव्या, पुढे जमलं तर डिस्क, आणि हातब्रेक नीट लागतो की नाही हे चढावर गाडी उभी करून बघणं. मिस्त्रींनीही हाच क्रम सांगितला. आणि असे बदल करण्याआधी आरटीओत विचार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार चालत नाही.

मग पुढच्या वर्षी एक्सेल. तो घेशील तेव्हा नुसता जाड शाफ्ट बघू नकोस, फुल फ्लोटिंग मिळतो का बघ. शाफ्ट तुटल्यावरही चाक जागेवर ठेवणारा एक्सेल म्हणजे अर्धा ब्रेकच. दरम्यान सध्याच्या एक्सेलचे बेअरिंग आणि ऑइल सील मात्र तपासून घे, कारण तिथलं तेल गळून लायनरवर आलं तर नव्या ब्रेकचाही उपयोग नाही. आणि एक्सेल मजबूत झाला म्हणून आणखी अवघड जागी जाशील ना, तेव्हा आजोबांचे तेरा ओंडके आठव.

हे लिहून झाल्यावर काल त्याला वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. ब्रेकबद्दल काहीच बोलला नाही. म्हणाला, "मावशी, आई तर सांगायची आजोबांनी रागात नोकरी सोडली."

म्हटलं, "तुझ्या आईला हे वाचायला सांग. तेव्हा ती चार वर्षांची होती. मी अकरा-बारा वर्षांची होते, मला कळायला हवं होतं."

बहिणीचा अजून फोन आलेला नाही. येईल. तोवर वही मी कपाटात परत ठेवलेली नाही, टेबलावरच आहे.